गॅरेजच्या कोब्यावरचे तेलाचे डाग

या वेळी आलेल्या पत्रांत गाडी ठेवण्याच्या जागेतील काँक्रीटच्या जमिनीविषयीची पत्रे इतकी होती, की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांबलचक प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : गाडी जेथे उभी असते तेथे इंजिन ऑइलचा ताटाएवढा काळा डाग पडला आहे आणि तो बराच जुना आहे. धुण्याची पावडर टाकून अनेकदा घासले. आजूबाजूचा भाग उजळला, त्यामुळे डाग उलट अधिकच उठून दिसू लागला. ओले असताना तो गेल्यासारखा वाटतो, पण जमीन वाळली की पुन्हा दिसतो. हा डाग कधी जाईल का?

उत्तर : पुष्कळ फिका होईल, पूर्णपणे जाईल असे वचन मात्र देता येत नाही. याचे कारण असे, की आपण जमिनीचा पृष्ठभाग घासत आहात आणि तेल पृष्ठभागाच्या खाली आहे. सिमेंट कठीण होताना त्याच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी रासायनिक क्रियेत बांधले जाते, परंतु मिश्रण हाताळता यावे म्हणून प्रत्यक्षात निम्म्या वजनाइतके, कधी त्याहूनही अधिक पाणी घातलेले असते. हे जादा पाणी काही काळाने उडून जाते आणि त्याच्या जागी अतिशय बारीक, एकमेकांना जोडलेल्या नळ्यांचे जाळे काँक्रीटमध्ये शिल्लक राहते. डोळ्यांना एकसंध दिसणारा कोबा म्हणजे प्रत्यक्षात असे सच्छिद्र शरीर असते, आणि त्यावर पडलेले तेल केशाकर्षणाने या नळ्यांत ओढले जाते. गरम इंजिनातून पडणारे तेल पातळ असल्यामुळे ते अधिक लवकर आत शिरते. वापरलेल्या तेलात इंजिनातील काजळी मिसळलेली असते. तेलाबरोबर तीही छिद्रांत जाऊन बसते आणि डागाचा काळेपणा मुख्यतः तिचाच असतो.

ब्रश या नळ्यांत शिरू शकत नाही. पावडरच्या पाण्याने वरचे तेल निघते, ओल्या जमिनीचा रंग सगळीकडेच गडद झाल्यामुळे डाग दिसेनासा होतो, आणि पाणी उडून गेले की आतील तेलाचा गडदपणा पुन्हा दृष्टीस पडतो. म्हणून अशा जुन्या डागासाठी घासण्यापेक्षा तेल आतून बाहेर ओढून घेण्याची युक्ती उपयोगी पडते. हे काम पोटीस करते. गळूवर बांधतात ती पोटीस आणि ही पोटीस यांचे तत्त्व फारसे वेगळे नाही.

पोटिशीपूर्वी वरचा तेलकट थर मात्र काढलाच पाहिजे. त्यावर साचलेली चिकट धूळ आधी बोथट पट्टीने खरवडून घ्यावी. मग डागाभोवतीची स्वच्छ जमीन साध्या पाण्याने चांगली भिजवून घ्यावी. ही गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, पण तिचा उपयोग मोठा आहे : पाण्याने भरलेल्या छिद्रांत सुटलेले तेल सहज शिरत नाही आणि डागाभोवती फिकट तेलकट कडे तयार होत नाही. त्यानंतर एक लिटर कडकडीत गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून ते पाणी डागावर ओतावे, पंधरावीस मिनिटे तसेच ठेवावे, मधेच वाळू लागल्यास पुन्हा थोडे ओतावे, आणि मग नायलॉनच्या राठ ब्रशने कडेकडून मध्याकडे घासावे. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात तरंगत राहतात. मात्र हे होण्यास वेळ लागतो, म्हणून ओतल्याबरोबर घासण्यात अर्थ नाही. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे लोखंडी कण कोब्यात अडकतात आणि पुढे गंजून तांबूस ठिपके पडतात. घासून झाल्यावर सुटलेले काळे पाणी फडक्याने किंवा स्पंजाने टिपून घ्यावे. ते जमिनीवर पसरू दिले तर आधी जमिनीतून काढलेले तेल पुन्हा जमिनीलाच परत दिल्यासारखे होते.

यानंतर जमीन पूर्ण कोरडी होऊ द्यावी. एक-दोन दिवस लागले तरी चालेल, कारण छिद्रांत पाणी असेल तर पोटिशीतील द्रावक, म्हणजे तेल विरघळवणारा द्रव, आत उतरणार नाही. खडूची भुकटी, शंखजिरे किंवा मुलतानी माती यांपैकी कोणतीही एक बारीक, कोरडी भुकटी घ्यावी आणि तीत खनिज टर्पेंटाइन घालून लांबीसारखा घट्ट लगदा करावा. तो इतका घट्ट असावा की थापीवरून ओघळणार नाही. डागाच्या कडेबाहेर चार बोटे जाईल असा, साधारण ६ ते १० मिलिमीटर जाडीचा थर दाबून बसवावा, मधे हवा राहू देऊ नये, आणि त्यावर प्लास्टिक पसरून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात.

प्लास्टिक किती वेळ ठेवावे याविषयी पुष्कळ गोंधळ दिसतो. झाकलेल्या स्थितीत द्रावक आत उतरून तेल विरघळवतो. यासाठी २४ तास द्यावेत. परंतु तेल वर येते ते प्लास्टिक काढल्यानंतर. लगदा वरून वाळू लागतो, द्रावक पृष्ठभागाकडे ओढला जातो आणि त्याच्याबरोबर विरघळलेले तेलही भुकटीत येते. म्हणजे झाकणे आणि उघडे ठेवणे ही दोन्ही कामे वेगळी असून दोन्ही आवश्यक आहेत. झाकलेला ओला लगदाच खरवडून काढणाऱ्याची अर्धी मेहनत वाया जाते. लगदा ठणठणीत वाळल्यावर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावा. भुकटीचा खालचा भाग पिवळट-तपकिरी झालेला दिसला, तर तेल येत आहे असे समजून सगळी क्रिया पुन्हा करावी. भुकटी पांढरीच राहू लागली की थांबावे. एकाच पोटिशीने वर्षानुवर्षांचा डाग निघेल ही अपेक्षा ठेवू नये.

टर्पेंटाइनची वाफ ज्वालाग्राही असते आणि डोकेही दुखवते. म्हणून हे काम गॅरेजचे दार उघडे ठेवून, ज्योत किंवा ठिणगी निर्माण करणारी सर्व उपकरणे बंद करून, हातमोजे घालूनच करावे. ज्यांना द्रावक वापरायचा नाही त्यांनी हीच पोटीस धुण्याच्या सोड्याच्या तीव्र द्रावणात करावी, आणि तिच्यासाठी जमीन कोरडी होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ती खनिज तेलावर मंद चालते, पण सुरक्षित आहे, आणि घाई नसलेल्या माणसाला मी तीच आधी करून पाहण्यास सांगेन.

प्रश्न : ऑइल बदलताना भांडे कलंडले आणि बरेच तेल सांडले. अशा वेळी सर्वांत आधी काय करावे? मी लगेच पाण्याचा पाइप लावला.

उत्तर : पाणी सर्वांत शेवटी. पाण्यावर तेल तरंगते आणि पाइपच्या धारेबरोबर हाताएवढ्या जागेतील तेल सगळ्या खोलीभर जाते. ताजे तेल हे अजून काँक्रीटचे झालेले नसते, म्हणून पहिल्या काही मिनिटांत केलेले काम पुढच्या अनेक दिवसांच्या खटपटीपेक्षा मोलाचे ठरते. आधी वाहते तेल जुन्या चिंध्यांनी किंवा जाड कागदाने टिपून घ्यावे. टिपावे, पुसू नये. पुसण्याने ते पसरते आणि छिद्रांत दाबले जाते. मग त्यावर एखादी शोषक वस्तू जाडसर पसरावी : मांजरांच्या शौचासाठी मिळणारी चिकणमातीची खडी, कोरडी चाळलेली माती, कोरडे सिमेंट किंवा लाकडाचा भुसा. बुटाने किंवा विटेने ती तेलावर हलकेच रगडली, तर कणांचे नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि शोषण वाढते. निदान काही तास, शक्य असल्यास रात्रभर तसेच ठेवून, कोरडेच झाडून घ्यावे आणि गरज वाटल्यास नवा थर द्यावा. कोरडे सिमेंट वापरल्यास त्यावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये, नाहीतर डाग काढण्याऐवजी नवा गिलावा होईल. एवढे झाल्यावरच साबणाचे गरम पाणी.

तेलाने भिजलेला भुसा आणि चिंध्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नयेत. इंजिन ऑइलच्या बाबतीत हा धोका कमी आहे, पण जवसाच्या तेलासारखी हवेत सुकणारी तेले चिंध्यांत असतील तर हवेशी होणाऱ्या क्रियेने त्या आतून तापत जातात आणि आपोआप पेटू शकतात. गॅरेजमध्ये कोणती चिंधी कशाने भिजली आहे हे नंतर कोणालाच आठवत नाही, म्हणून सर्वच चिंध्यांना एक नियम लावावा : उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

प्रश्न : ओळखीच्या गवंड्याने ॲसिड टाकून डाग घालवण्याचा सल्ला दिला आहे. त्याने फेस येऊन सर्व काही निघून जाते, असे तो म्हणतो. आपले मत काय?

उत्तर : फेस येतो हे खरे आहे, परंतु तो तेलाचा नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल सिमेंटमधील चुनखडीच्या अंशाशी क्रिया करते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. बुडबुडे त्याचे असतात. खनिज तेल आम्लात विरघळत नाही आणि त्याच्याशी क्रियाही करत नाही. उलट, जेथे तेल मुरलेले असते तेथे तेलाचा पातळ पडदा सिमेंटचे आम्लापासून रक्षण करतो. परिणामी डागाखालची जमीन जशीच्या तशी राहते आणि भोवतालची निर्दोष जमीन झिजून खरखरीत व फिकट होते. डाग काढायला गेलेल्या माणसाला दोन डाग मिळतात आणि त्यांतील दुसरा कायमचा असतो. आम्लाची वाफ जवळ ठेवलेल्या हत्यारांना आणि गाडीच्या सुट्या भागांना गंज चढवते, ते निराळेच.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की आम्ल टाकूनही काम होत नाही असे पाहून काही जण त्यावर लगेच ब्लीच ओततात. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन हा विषारी वायू निर्माण होतो, आणि बंद गॅरेजमध्ये तो प्राणघातक ठरू शकतो. ब्लीच एकटे वापरल्याने धोका कमी होतो, पण तेलावर त्याचाही उपयोग नाही. ते रंग उडवते, तेल काढत नाही.

काळे शीतपेय ओतून डाग काढावा, असे सुचवणारीही दोन पत्रे आहेत. त्यात फॉस्फोरिक आम्ल अल्प प्रमाणात असते, त्यामुळे वर सांगितलेलेच सौम्य स्वरूपात घडते, आणि साखरेचा चिकटपणा व मुंग्या हा वरचा लाभ.

प्रश्न : पेट्रोल किंवा रॉकेल टाकून पुसले तर तेल चटकन विरघळते, हे आम्ही पाहिले आहे. मग टर्पेंटाइनची पोटीस करण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : पेट्रोलविषयी चर्चा करण्यासारखे काही नाही. ते उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते, आणि दूरच्या एखाद्या बटणाची ठिणगीही तिला पुरते. गॅरेजच्या जमिनीवर पेट्रोल कोणत्याही कारणासाठी ओतू नये.

रॉकेलचा धोका तुलनेने कमी आहे, पण त्याचा दोष दुसरा आहे. ते तेलाला पातळ करते, आणि पातळ झालेले तेल घट्ट तेलापेक्षा अधिक खोल उतरते व अधिक दूर पसरते. ओतलेल्या द्रवाला परत वर ओढून घेणारे काही नसेल, तर डाग फिका पण मोठा झाला एवढेच पदरात पडते. शिवाय रॉकेल स्वतःचाही तेलकट अंश मागे ठेवते. पोटिशीत द्रावक भुकटीने बांधलेला असतो आणि विरघळलेल्या तेलाला जाण्यासाठी जागा ठरवून दिलेली असते. सारा फरक एवढ्यात आहे.

याच संदर्भात एका वाचकाने ब्लो लॅम्पच्या ज्योतीने तेल जाळून टाकावे का, असे विचारले आहे. तसे करू नये. काँक्रीटच्या छिद्रांत नेहमीच थोडे पाणी असते. ते एकाएकी तापून त्याची वाफ झाली की वरचा थर स्फोटासारखा तडकून उडतो आणि त्याचे कपचे डोळ्यांत जाऊ शकतात.

प्रश्न : गाडीखाली निरनिराळ्या रंगांचे डाग आहेत. काही काळे, एक तांबडा, एक हिरवट. सर्वांना एकच उपाय लागू पडतो का?

उत्तर : नाही, आणि आधी ओळख पटवून घेतल्यास बरीच मेहनत वाचते. काळा किंवा तपकिरी, बोटांना गुळगुळीत लागणारा डाग इंजिन ऑइलचा. गिअर ऑइल अधिक घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तांबडा द्रव बहुधा स्वयंचलित गिअरचा किंवा पॉवर स्टीअरिंगचा असतो. ही सर्व तेलेच असल्यामुळे वर सांगितलेली रीत त्यांना चालते, मात्र तांबडा रंग काही वेळा तेल निघाल्यावरही मागे राहतो.

हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी आणि चिकट वाटणारा द्रव म्हणजे रेडिएटरचे कूलंट. ते पाण्यात पूर्ण मिसळते, म्हणून त्याला ना पोटीस लागते ना सोडा. शोषून घेऊन भरपूर पाण्याने धुतले की पुरे. परंतु त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि लहान मुलांनाही त्यापासून धोका संभवतो. ते दिसताक्षणी उचलावे. बहुतेक गाड्यांतील ब्रेक ऑइलही, नाव तेलाचे असले तरी, पाण्यात मिसळणाऱ्या वर्गातील असते आणि पाण्यानेच जाते. ते गाडीच्या रंगावर पडल्यास रंग उचलला जातो, आणि ज्या गाडीखाली ते ठिबकत आहे ती गाडी दुरुस्त केल्याशिवाय चालवू नये, हे डागाहून महत्त्वाचे आहे.

वनस्पती तेल आणि तूप-चरबीचे डाग मात्र वेगळ्या स्वभावाचे असतात. धुण्याच्या सोड्यासारख्या आम्लारीशी त्यांची क्रिया होऊन काही प्रमाणात साबणच तयार होतो आणि ते पाण्याने निघून जातात. खनिज तेलाचे असे साबणीकरण होत नाही. स्वयंपाकघरात यशस्वी ठरलेले उपाय गॅरेजमध्ये हरतात, याचे मोठे कारण हेच आहे. खाण्याचा सोडा तर आणखी सौम्य. त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच; सातच्या वर जितका अधिक तितका आम्लारीपणा अधिक) सव्वाआठच्या आसपास असतो आणि धुण्याच्या सोड्याचा अकराच्या वर जातो. खाण्याच्या सोड्याने जे काही होते ते बहुतांशी भुकटी म्हणून होणाऱ्या घर्षणाने आणि शोषणाने होते.

एक गमतीची गोष्ट अशी, की काँक्रीटच्या दृष्टीने पाहिले तर खनिज तेल निरुपद्रवी आहे. कठीण झालेल्या सिमेंटवर त्याचा रासायनिक परिणाम होत नाही. वनस्पती तेलातील मेदाम्ले मात्र सिमेंटमधील चुन्याशी हळूहळू क्रिया करून पृष्ठभाग पोखरतात. म्हणजे काळाकुट्ट दिसणारा डाग दिसण्यापुरता आणि पाय घसरण्यापुरता वाईट असतो, आणि फिकट दिसणाऱ्या डागाकडे अधिक लवकर लक्ष द्यावे लागते.

प्रश्न : जिवाणू असलेले द्रावण टाकले की ते तेल खाऊन टाकतात, असे वाचले. हे खरे आहे की केवळ जाहिरात?

उत्तर : तत्त्व खरे आहे. हायड्रोकार्बन, म्हणजे खनिज तेलाचे घटक, पचवणारे जिवाणू निसर्गात आहेत आणि समुद्रात खनिज तेल सांडल्यावर त्यांची संख्या वाढते, हे चांगले अभ्यासलेले आहे. परंतु काँक्रीटची जमीन हे त्यांना फारसे अनुकूल ठिकाण नव्हे. त्यांना सतत ओलावा, हवा आणि ऊब लागते, आणि काम दिवसांत नव्हे तर आठवड्यांत मोजावे लागते. द्रावण टाकून जमीन दुसऱ्या दिवशी कोरडी पडू दिली, किंवा आधी जंतुनाशकाने अथवा ब्लीचने धुतली, तर विकत आणलेले जिवाणू उपाशी न राहता सरळ मरतात. खरेदी करण्यापूर्वी वेष्टनावर एक गोष्ट पाहावी : त्यात केवळ विकरे (एन्झाइम) आहेत की जिवंत जिवाणूही आहेत. लायपेज नावाचे विकर स्निग्ध पदार्थांचे, म्हणजे वनस्पती तेल व चरबी यांचे, विघटन करते. इंजिन ऑइलवर ते निष्प्रभ असते. वरचे तेल काढल्यानंतर उरलेल्या सावलीसाठी, आणि ओलावा राखण्याची चिकाटी असेल तर, हा उपाय करून पाहण्यास हरकत नाही. मुख्य उपाय म्हणून मी त्यावर भिस्त ठेवणार नाही.

प्रश्न : जमिनीला इपॉक्सी रंग देण्याचा विचार आहे. रंगाखाली डाग झाकला जाईलच, मग तो आधी काढण्याची काय गरज?

उत्तर : डाग झाकला जाईल आणि काही महिन्यांत नेमक्या त्याच जागी रंगाचा पोपडा सुटेल. इपॉक्सी काँक्रीटला धरून राहते ते छिद्रांत शिरून. छिद्रांत तेल असेल तर तिला पकड मिळत नाही. कित्येकदा तर ओला रंगच तेलकट जागेवरून मागे सरतो आणि गोल गोल उघडी टिकली पडते. म्हणून ज्यांना रंग द्यायचा नाही त्यांना फिकट सावली चालून जाईल, पण रंग देणाऱ्याला चालणार नाही, हा फरक लक्षात घ्यावा.

परीक्षा सोपी आहे. स्वच्छ केलेल्या, कोरड्या जागेवर पाण्याचे काही थेंब टाकावेत. थेंब पसरून जमीन गडद झाली आणि पाणी मुरले, तर छिद्रे मोकळी आहेत. थेंब मण्यासारखे उभे राहिले, तर तेल किंवा जुने सीलर (द्रव मुरू नये म्हणून जमिनीला लावलेले द्रव्य) अजून तेथे आहे. ही परीक्षा डागाच्या मध्यावर, कडेवर आणि कधीच डाग नव्हता अशा जागेवरही करून तुलना करावी. नुसत्या मध्यावर केलेली परीक्षा फसवते, कारण घासणारा हात मध्यावरच अधिक चाललेला असतो. थेंब मुरू लागल्यावरही लगेच रंग देऊ नये. काही दिवस जमीन उबदार व कोरडी ठेवून पुन्हा पाहावे, कारण खोलवरचे तेल उष्णतेने पातळ होऊन हळूहळू वर चढते आणि आज पास झालेली जमीन नंतर नापास होऊ शकते.

वर्षानुवर्षे तेल प्यायलेल्या कोब्यात रसायनांनी काम भागत नाही. तेथे हिऱ्याच्या चकतीच्या यंत्राने वरचा थर घासून काढावा लागतो, आणि तरीही तेल दिसत राहिले तर तेवढा भाग छिन्नीने फोडून नव्या काँक्रीटने भरावा लागतो. घासणी यंत्राची धूळ श्वासात जाऊ देऊ नये; तिच्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांनी फुप्फुसांना कायमची इजा होते. धूळ खेचून घेणारे यंत्र आणि योग्य मुखपट या दोन्हींशिवाय हे काम सुरू करू नये. रंगापूर्वी आम्लाने जमीन खरखरीत करण्याची प्रथा आहे, पण तेल असलेल्या जागी आम्ल चालत नाही हे वर आलेच आहे. जमीन नवी असेल तर काँक्रीट ओतल्यापासून निदान २८ दिवस जाऊ द्यावेत. जमिनीखालून ओल येत असल्याची शंका असल्यास साधारण ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटवून १६ तास ठेवावा. खाली पाण्याचे थेंब किंवा गडदपणा आढळला, तर तेल काढूनही रंग टिकणार नाही.

प्रश्न : जोरदार दाबाच्या पाण्याचे यंत्र भाड्याने आणावे का?

उत्तर : सोड्याच्या पाण्याने तेल सुटल्यावर धुऊन काढण्यासाठी आणावे. केवळ दाबाच्या जोरावर डाग निघेल या आशेने आणू नये. तोटी पंख्यासारखी पसरट धार देणारी घ्यावी आणि जमिनीपासून हातभर अंतर राखावे. एका ठिकाणी, अगदी जवळून मारलेली बारीक धार सिमेंटचा वरचा गुळगुळीत थर उचलते, खालची वाळू-खडी उघडी पडते, आणि पुढच्या वेळी सांडणारे तेल तेथे दुप्पट वेगाने मुरते.

प्रश्न : डाग गेला, पण ती जागा आता बाकीच्या जमिनीपेक्षा पांढरट दिसते.

उत्तर : ती जागा तेवढीच स्वच्छ झाली आहे; बाकीची जमीन मळलेली आहे. संपूर्ण जमीन एकदा सोड्याच्या सौम्य पाण्याने धुवावी. पांढरट पापुद्रा बोटाला लागत असेल तर तो पोटिशीची भुकटी किंवा न धुतला गेलेला सोडा असू शकतो. भरपूर पाण्याने जाईल.

प्रश्न : आमच्याकडे गाडी डांबरी जागेवर उभी असते. पोटीस तेथे करता येईल का?

उत्तर : द्रावकाची पोटीस करू नये. डांबर स्वतः खनिज तेलापासूनच मिळते, त्यामुळे टर्पेंटाइन तेलाबरोबर डांबरही विरघळवील आणि जागा मऊ पडून खडी सुटू लागेल. तेथे शोषक माती आणि साबणाचे पाणी यांपलीकडे जाऊ नये. सांधे जोडून बसवलेल्या सुट्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची जमीन असेल, तर डागाळलेला ठोकळा उचलून बदलणे हा कोणत्याही रसायनापेक्षा सोपा मार्ग असतो.

प्रश्न : डाग काढून जमिनीला सीलर लावले तर पुढे तेल मुरणार नाही ना?

उत्तर : कोणते सीलर, यावर ते अवलंबून आहे. छिद्रांत मुरणारी सिलेन किंवा सिलॉक्सेन वर्गातील बहुतेक सीलरे पाणी रोखतात, तेलाला मात्र फारसा अटकाव करत नाहीत. तेलही रोखायचे असेल तर फ्लोरिनयुक्त घटक असलेले, आणि वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख असलेले सीलर घ्यावे. सिलिकेटवर आधारलेली द्रव्ये सिमेंटमधील चुन्याशी क्रिया करून छिद्रे अरुंद करतात. त्यांनी तेल मुरण्याचा वेग मंदावतो, थांबत नाही. ॲक्रिलिकचा चकचकीत थर सुरुवातीला देखणा दिसतो, पण गरम टायरखाली तो मऊ होऊन उचलला जाण्याची शक्यता असते आणि द्रावकाच्या पोटिशीने तर तो निघूनच येतो. उत्तम सीलर म्हणजेसुद्धा सांडलेले तेल पुसण्यासाठी मिळालेला थोडा अधिक वेळ, एवढेच समजावे.

त्याआधी तेल गळते कोठून ते शोधावे. या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत डागाचे वर्णन आहे आणि गळतीचा उल्लेखही नाही. गाडीखाली रात्रभर पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा ठेवावा आणि सकाळी ठिपके चाकांच्या हिशेबाने कोठे पडले आहेत ते खुणेसह नोंदवावे. चेंबरच्या ड्रेन बोल्टचे दबलेले वॉशर किंवा नीट न बसलेला ऑइल फिल्टर ही साधी कारणे असतात. इंजिनाच्या वरच्या झाकणाचे पॅकिंग गेलेले असेल तर तेल इंजिनावरून ओघळत येते आणि प्रत्यक्ष गळतीपासून दूर ठिबकते, म्हणून ठिपक्याच्या बरोबर वर दिसणाऱ्या भागावर लगेच दोष ठेवू नये. पुठ्ठा मेकॅनिकला दाखवण्यास न्यावा.

प्रश्न : खरवडलेली पोटीस, तेलकट माती आणि घासल्यानंतरचे काळे पाणी यांचे काय करावे?

उत्तर : पावसाच्या पाण्याच्या गटारात, झाडांच्या आळ्यात किंवा मातीत काहीही टाकू नये. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगे असतात, आणि पावसाळी गटारातील पाणी पुष्कळदा कोणतीही प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नदीला मिळते. द्रवरूप तेल घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावे. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा टर्पेंटाइन मिसळू नये, कारण मिसळलेले तेल शुद्ध करणे अवघड होते आणि केंद्र ते नाकारू शकते. टर्पेंटाइनची पोटीस उघड्या हवेत पूर्ण वाळल्यानंतर, आणि तेलकट माती व भुसा तसाच, बंद पिशवीत घालून घातक कचऱ्याच्या संकलनात द्यावा. काळे पाणी बादलीत जमा करून एक दिवस हलवू नये. साबण मिसळल्यामुळे सगळे तेल वेगळे होणार नाही, पण जेवढे वर तरंगेल तेवढे शोषक मातीने टिपून त्याच पिशवीत टाकावे आणि उरलेल्या पाण्याबाबत स्थानिक सांडपाणी विभागाच्या नियमाप्रमाणे वागावे.